निळू फुले : पाटील आणि पत्रकार

निळू फुले म्हणजे बेरकी पाटील, हे समीकरण आपण फार सहज स्वीकारले. सेवादलाचे कलापथक आणि लोकनाट्य ही त्यांची शाळा. 'एक गाव बारा भानगडी'ने (१९६८) ते पडद्यावर आले. १९७२ मध्ये तेंडुलकरांचा सखाराम बाइंडर त्यांनी रंगभूमीवर उभा केला. नाटक न्यायालयापर्यंत गेले, आणि त्या गदारोळात अभिनयाची चिकित्सा राहूनच गेली, असे आम्हांस वाटते. 'सामना'तला (१९७५) हिंदुराव सत्तेच्या गुर्मीत बोलतो. 'सिंहासन'मधला (१९७९) पत्रकार दिगू टिपणीस तीच सत्ता निमूटपणे न्याहाळतो. अखेरीस त्याचाच तोल ढळतो. दोन्हींची पटकथा तेंडुलकरांची, दिग्दर्शन जब्बार पटेलांचे. खलनायकाच्या शिक्क्याखाली सर्वांत आधी झाकला गेला तो हा दिगू.