लाव्हाभूमीवरील जीवित व मालमत्ता : माणगाव परिसराचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

रायगड जिल्ह्यातील माणगाव हा सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेला, भातशेतीवर जगणारा तालुका आहे. १९८१ पर्यंत हा जिल्हा कुलाबा या नावाने ओळखला जाई. भारतातील एकमेव जागृत ज्वालामुखी अंदमानातील बॅरन बेटावर आहे. माणगाव परिसरात असा ज्वालामुखी नाही. तथापि येथील डोंगर, दऱ्या व माती यांची घडण ज्वालामुखीनेच केली आहे. अतिवृष्टीत डोंगर खचला की शासकीय अहवालात 'जीवित व वित्तहानी' अशी एकत्र नोंद होते. या दोन हानींचे नाते मात्र दरडीपेक्षा जुने आहे. गावातील कोणाचे घर कोठे असावे हे भूमीच्या घडणीइतकेच जमिनीच्या मालकीनेही ठरविले, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

भूमीची घडण

सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांतून लाव्हारसाचे प्रवाह एकावर एक पसरत गेले व दख्खनचा पाषाण निर्माण झाला. या पाषाणात कठीण काळ्या कातळाचे थर आणि सच्छिद्र, लवकर झिजणारे थर आलटून पालटून आढळतात. काही ठिकाणी दोन प्रवाहांच्या मध्ये तांबड्या मातीचा पातळ थरही असतो. माणगाव परिसरात वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. उतारावरील भुसभुशीत माती पाण्याने तुडुंब होते, खालचा कातळ ते पाणी मुरू देत नाही आणि मातीचा सारा भार कातळावरून घसरू लागतो. दरड कोसळण्यामागील ही प्रक्रिया आहे.

महाड तालुक्यातील सव व सुधागड तालुक्यातील उन्हेरे येथील गरम पाण्याच्या झऱ्यांवरून डोंगराच्या पोटात अद्याप ज्वालामुखी असावा, असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुतः पावसाचे पाणी भेगांतून खोल जाते, तेथील उष्णतेने तापते व पुन्हा वर येते. ज्वालामुखी विझला आहे. त्याने मागे ठेवलेला उतार मात्र जागा आहे.

जमिनीची प्रत आणि खोती

या घडणीतून गावाच्या जमिनीचे ठळक भाग पडले. काळ नदीच्या व तिला मिळणाऱ्या ओढ्यांच्या काठी गाळाची भातखाचरे तयार झाली. डोंगरउतारावर नाचणी व वरी पिकविणारी वरकस जमीन राहिली आणि त्यापलीकडे रान. खाचर गावाला पोसत असे. परंतु खाचरात रोपे लावण्यापूर्वी राब भाजावा लागे व त्यासाठी पालापाचोळा, टहाळ व शेण उतारावरूनच येई. म्हणून उतार हा शेतीचा अविभाज्य भाग होता.

खोती पद्धतीने हाच भूमिभेद आर्थिक हक्कांत उतरविला. सरकारला सारा भरण्याची जबाबदारी खोताची व कुळांकडून वसुलीचा अधिकारही त्याचाच, असे तिचे स्वरूप होते. दक्षिण कोकणातील रूढीनुसार भातजमिनीच्या उत्पन्नाचा अर्धा भाग म्हणजे अर्धेल आणि वरकस जमिनीच्या उत्पन्नाचा तिसरा भाग म्हणजे तिर्धेल खोताला द्यावा लागे. लाव्हाच्या थरांनी ठरविलेली जमिनीची प्रत अशा रीतीने कुळाच्या घरातील धान्याच्या कणगीपर्यंत पोहोचली.

उताराच्या वरच्या भागावर दुसरी सत्ता आली. १८७८ च्या वनकायद्यानंतर राखीव जंगलाच्या सीमा आखल्या गेल्या व राबासाठी टहाळ तोडण्यावर निर्बंध आले. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील तक्रारी इतक्या वाढल्या की १८८५ मध्ये मुंबई सरकारला त्यांच्या चौकशीसाठी वन आयोग नेमावा लागला. खाली खोत व वर वनखाते अशा दोन सत्तांच्या मध्ये उतारावरचा शेतकरी सापडला.

मालकीचा संघर्ष

या व्यवस्थेला पहिला मोठा धक्का याच जिल्ह्यातून बसला. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली अलिबाग तालुक्यातील चरी येथे १९३३ साली सुरू झालेला शेतकऱ्यांचा संप १९३९ पर्यंत चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्यासाठी विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातील शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर गेला. पुढे १९४८ चा कूळकायदा व १९४९ चा खोती निर्मूलन कायदा झाला. १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरून कसणाऱ्या कुळास मालक मानण्यात आले.

हे परिवर्तन मूलगामी होते; परंतु त्याचा लाभ ज्याच्या कसण्याची कागदोपत्री नोंद होती त्यालाच प्रामुख्याने मिळाला. उतारावर फिरती शेती करणारे, कोळसा पाडणारे, मजुरीवर जगणारे कातकरी व ठाकर यांची नावे कुळांच्या नोंदीत क्वचितच होती. रायगड जिल्ह्यातील अनेक कातकरी वाड्या आजही दुसऱ्याच्या मालकीच्या किंवा वनखात्याच्या जमिनीवर उभ्या आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्याने हा अन्याय ऐतिहासिक असल्याचे मान्य केले. पण त्या कायद्यानेही हक्क सिद्ध करण्यासाठी पुरावा दाखवावा लागतो.

दरड आणि दप्तर

२५ व २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत माणगावला लागून असलेल्या महाड तालुक्यात दासगाव, जुई, कोंडिवते व रोहन येथे दरडी कोसळून दीडशेहून अधिक माणसे दगावली. २२ जुलै २०२१ रोजी त्याच तालुक्यातील तळिये येथे ऐंशीहून अधिक जणांचा बळी गेला. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी ही ठाकर वाडी गाडली गेली. ही वाडी दरडप्रवण गावांच्या शासकीय यादीत नव्हती. २३ जुलै रोजी शोधकार्य थांबले तेव्हा २७ मृतदेह हाती आले होते व ५७ जण बेपत्ता होते.

बेपत्ता या शब्दाने कायद्यापुढे मोठा प्रश्न उभा राहतो. सर्वसाधारण नियमानुसार सात वर्षे ठावठिकाणा न लागल्यासच मृत्यू गृहीत धरता येतो. मृत्यूची नोंद नाही तोवर वारसाची नोंद नाही, आणि ती नाही तोवर मदत व जमीन या दोहोंचा मार्ग अडतो. यासाठी शासनाला प्रत्येक वेळी विशेष निर्णय घ्यावा लागतो. ज्याच्या नावे सातबारा आहे, त्याची हानी मोजता येते. ज्याचे घर दुसऱ्याच्या जमिनीवर होते, त्याचे जीवित गेल्याचे दिसते. वित्त मात्र दप्तरात कधी आलेलेच नसते.

पुनर्वसनातही हीच अडचण आहे. सुरक्षित सपाट जागा म्हणजे बहुधा खाचर, आणि खाचर कोणाच्या तरी मालकीचे असते. नवे घर शेतापासून, रानापासून व गोठ्यापासून दूर पडले तर माणसे पुन्हा उताराकडे वळतात. इंडोनेशियातील मेरापी या जागृत ज्वालामुखीच्या २०१० च्या उद्रेकात साडेतीनशेहून अधिक लोक मरण पावले. तरीही शेतकरी आपल्या सुपीक उताराकडे परतले. तेथील व येथील धोक्याचे स्वरूप भिन्न असले, तरी माणसाला धोक्याजवळ बांधून ठेवणारे उपजीविकेचे बंधन सारखेच आहे.

निष्कर्ष

माणगाव परिसराच्या इतिहासावरून असे दिसते की, दरड कोसळणे ही निसर्गाची क्रिया असली तरी तिच्या खाली कोण सापडावे हे केवळ निसर्ग ठरवीत नाही. अर्धेल व तिर्धेल, राखीव जंगलाची सीमा, कुळाची नोंद व वाडीखालच्या जमिनीची मालकी यांनी ते पिढ्यान्‌पिढ्या ठरवीत आणले आहे. म्हणून दरडप्रवण गावांची पाहणी करताना भूशास्त्रज्ञाने काढलेला उताराचा नकाशा आणि तलाठ्याच्या दप्तरातील मालकीचा नकाशा शेजारी ठेवून वाचणे अगत्याचे आहे. वाडीखालची जमीन वाडीच्या नावे करणे हा महसुली सुधारणेचा विषय समजला जातो. या लाव्हाभूमीवर तो जीवितरक्षणाचाही विषय आहे.