अंगणवाडीतलं अंगण

चारठाण्याहून, जिंतूर तालुक्यातून, मी तुमच्याशी बोलतेय. बचत गटांची समन्वयक म्हणून माझं फिरणं सारखं चालू असतं आणि प्रत्येक गावात एक शब्द कानावर पडतोच पडतो, तो म्हणजे अंगणवाडी. "पोरगी अंगणवाडीत गेलीय", "अंगणवाडीच्या ताई आल्यात का?" पण या शब्दात अंगण कुठून आलं? आपल्याला तर अंगणवाडी म्हटलं की खोली दिसते, भिंतीवरचे तक्ते दिसतात, वजनकाटा दिसतो, खिचडीचं पातेलं दिसतं. आज या शब्दाची गोष्ट सांगते. ती दोन मराठी बायांची गोष्ट आहे.

पहिल्या ताराबाई मोडक. १८९२ चा जन्म. ज्या काळात मुली चौथीपर्यंतसुद्धा मुश्किलीनं शिकायच्या, त्या काळात त्या बी. ए. झाल्या. १९२३ मध्ये त्या गुजरातेत भावनगरला गेल्या. तिथं गिजुभाई बधेका लहान मुलांचं बालमंदिर चालवत होते. त्यांनी मारिया मॉन्टेसरी या इटलीच्या डॉक्टरबाईंची पद्धत घेतली होती. मॉन्टेसरीबाईंनी १९०७ मध्ये रोम शहरात गरीब कामगारांच्या वस्तीत पहिलं बालगृह सुरू केलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. लहान मूल आधी हातानं शिकतं, मग डोक्यानं. म्हणून त्यांनी लाकडी दट्टे, मणी, रंगीत पट्ट्या अशी साधनं तयार केली.

साधनं छान, पण महाग. १९२६ मध्ये गिजुभाई आणि ताराबाईंनी नूतन बालशिक्षण संघ काढला. पुढे १९३६ मध्ये ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केलं. तिथं चांगलं काम झालं, तरी ते शहरातल्या मुलांपुरतंच राहत होतं. खेड्यातल्या लेकरांचं काय, हा प्रश्न ताराबाईंना सोडत नव्हता. म्हणून १९४५ मध्ये त्या बोर्डीला आल्या. हे समुद्रकाठचं गाव तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं, आता पालघर जिल्ह्यात आहे. ताराबाई तेव्हा त्रेपन्न वर्षांच्या होत्या. ज्या वयात आपल्याकडे बायका म्हणतात, "आता काय राहिलं आपलं?", त्या वयात त्यांनी सगळं नव्यानं मांडलं.

तिथंच त्यांना दुसरी बाई भेटली, अनुताई वाघ. १९१० चा जन्म. बालपणी लग्न झालं आणि बालपणीच वैधव्य आलं. त्यांनी माहेरच्या आधारानं शिक्षण घेतलं, मास्तरीण झाल्या आणि पस्तिसाव्या वर्षी बोर्डीला आल्या त्या जन्मभरासाठी.

बालवाडी उघडली, पण आदिवासी पाड्यांवरची मुलं काही येईनात. का येतील? आई मजुरीला गेलेली. सात वर्षांची पोरगी कडेवर धाकटं भावंडं घेऊन घर सांभाळतेय. पोरगा गुरांमागं गेलाय. "यांना शिक्षणाची आवडच नाही" असं म्हणून हात झटकणं सोपं होतं. ताराबाईंनी उलटा विचार केला. मूल शाळेत येत नाही ना, मग शाळा मुलाच्या अंगणात जाईल. पाड्यावर जायचं, मुलांची तोंडं-हात धुवायचे, न्हाऊ घालायचं आणि तिथंच अंगणात नाही तर झाडाखाली बसायचं. हीच अंगणवाडी.

आता अंगणात साधनं कुठली? तिथं जे होतं तेच साधन झालं. खडे, बिया, पानं, फुलं, काड्या, माती आणि बोर्डीला समुद्र, म्हणून शंख-शिंपले. हे पैसे नाहीत म्हणून केलेलं भागवाभागवीचं काम होतं, असं समजू नका. मॉन्टेसरीच्या पेटीत एकाच रंगाच्या गडदपासून फिक्यापर्यंतच्या पट्ट्या असतात. पळसाचं कोवळं पान, जून पान, पिवळं पडलेलं पान ओळीनं लावा, डोळ्याला तेच काम मिळतं. पेटीत लहान-मोठे दट्टे असतात. नदीतले खडे लहानापासून मोठ्यापर्यंत मांडा, बोटांना तेच वळण लागतं. आणि त्या खड्यांचं मूल पुढे फूल करतं, मोर करतं, घर करतं. पेटीतल्या पट्टीचा मोर होत नाही.

त्या भागातल्या वारली बाया लग्नात मातीच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक काढतात, हे तुम्ही चित्रांत पाहिलं असेल. ज्या मुलांना लोक अडाणी म्हणत होते, ती मुलं अशा भिंतींच्या घरात वाढत होती. घरात माती होती, पीठ होतं, काडी होती, आईचा हातही होता. शाळेनं फक्त त्याला मान द्यायचा होता.

पुढे दहा-बारा वर्षांनी हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथं पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणून विकासवाडी झाली, म्हणजे धाकट्याला सांभाळायला पाळणाघर मिळालं आणि थोरलीला शिकायला मोकळीक. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तर कुरणातच शाळा भरवली. तिचं नावही कुरणशाळा. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं. १९७३ मध्ये त्या गेल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, सरकारची एकात्मिक बालविकास योजना देशात ३३ ठिकाणी सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना आपण अंगणवाडी म्हणू लागलो. अनुताई मात्र १९९२ मध्ये डोळे मिटेपर्यंत कोसबाडच्याच राहिल्या.

शब्द देशभर गेला, पण अंगण मागं राहिलं. यात आपल्या अंगणवाडीताईंना बोल लावू नका. वजनं, लसीकरण, पोषण आहार, रजिस्टरं, सगळं त्यांच्याच डोक्यावर आहे. प्रश्न आपला आहे. बैठकीत कुणीतरी म्हणतं, "लेकरांसाठी प्लास्टिकची खेळणी आणू, वर्गणी काढू." आणि त्याच वेळी तिचं लेकरू बाहेर ज्वारीच्या धाटाची साल आणि भेंड घेऊन बैलगाडी जोडत असतं, पिंपळाच्या पानाची पिपाणी वाजवत असतं. ते आपल्याला दिसत नाही. विकत आणलेलं तेवढं शिक्षण आणि घरचं ते सगळं घाण, असं आपणच ठरवून टाकलंय. आपल्या गावातली जुनी देवळं, बारव आणि तो उंच दगडी स्तंभ बघायला लोक लांबून येतात. ते घडवणारे हातसुद्धा आधी कधीतरी मातीतच खेळले असतील की!

कुरणशाळा मला आठवते ती दिवाळीच्या सुमारास. आपल्या मराठवाड्यात किती घरांना तेव्हा कुलपं लागतात, हे तुम्हाला सांगायला नको. टोळ्या ऊसतोडीला निघतात. मोठं पोर आजीजवळ राहतं, पण तीन-चार वर्षांचं लेकरू आईबरोबर जातं. चार-पाच महिने ते कोपीत झोपतं आणि फडाच्या कडेला बसून राहतं. शाळा मुलाकडे जाईल, असं एका बाईनं १९४५ मध्ये म्हटलं. आपल्या टोळीतल्या लेकरापर्यंत ती अजून पुरती पोचलेली नाही. पण फडावर माती आहे, वाढे आहेत, पाचट आहे. हवी आहे ती फक्त दिवसातला एक तास शेजारी बसणारी बाई.

म्हणून गटांना माझं सांगणं आहे. टोळीबरोबर जाणारी एखादी आजी किंवा सुनबाई आत्ताच ठरवा. तिच्याजवळ एक दुरडी द्या. त्यात चिंचोके, खडे, सुकी पानं, सुतळी ठेवा. लेकरांना मांडू द्या, मोडू द्या, परत मांडू द्या. आपण हात धरून करून द्यायचं नाही. दोन गोष्टी मात्र पाळा. तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या हाती बी देऊ नका, ते नाका-तोंडात घालतं. आणि गुंज, एरंडी, धोत्रा, कण्हेर दुरडीत नको. गुंज दिसायला सुंदर, पण विषारी आहे. गावात राहणाऱ्या लेकरांसाठी हाच एक तास शनिवारी बैठकीच्या आधी ठेवता येईल. त्याला ठराव लागत नाही, वर्गणीही लागत नाही.

दुरडीचं काम दसऱ्याच्या आत करा, कारण नंतर मुकादम कुणासाठी थांबत नाही.