गालिच्यांची ज्वलन-चाचणी व प्रमाणपत्र (अमेरिका)

अमेरिकेत विकला जाणारा गालिचा, मग तो दुकानातून घेतलेला असो वा ऑनलाइन मागवलेला, सहजी पेट घेणारा नसावा यासाठी संघराज्य कायद्याने घालून दिलेली तपासणी आणि तिच्या आधारे द्यायचे प्रमाणपत्र. या व्यवस्थेचे मूळ १९५३ च्या ज्वलनशील कापड कायद्यात आहे. १९६७ च्या दुरुस्तीनंतर घरातल्या सामानालाही तो लागू झाला. गालिच्यांची मानके १९७० मध्ये ठरली व १९७१ पासून अमलात आली. सध्या त्यांची अंमलबजावणी ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाकडे आहे.

चाचणी दिसायला अगदी साधी. नमुन्याचे सुमारे २३ सेंटिमीटर बाजूचे आठ चौरस कापतात, १०५ अंश सेल्सिअसच्या भट्टीत दोन तास सुकवतात आणि ओल लागू न देता थंड करतात. चौरसावर मध्यभागी गोल भोक असलेली पोलादी चौकट ठेवतात. भोकाच्या मधोमध मेथेनामाइनची छोटी गोळी ठेवून ती काडीने पेटवतात. गोळी एका ग्रॅमच्या सहाव्या-सातव्या हिश्शाएवढी. जळत्या काडीच्या किंवा उडालेल्या निखाऱ्याच्या जागी ती वापरतात. आग विझल्यावर करपलेला डाग भोकाच्या काठापासून २.५४ सेंटिमीटरच्या आत पोचला असेल, तर तो तुकडा नापास. आठांपैकी किमान सात तुकडे पास व्हावे लागतात. ज्वालारोधक रसायन लावलेला माल आधी दहा वेळा धुऊन मग तपासतात. असे नसते तर रसायन पहिल्या धुण्यात वाहून गेले तरी कागद स्वच्छच राहिला असता.

लोकर या परीक्षेत सहसा तरून जाते. कापूस आणि व्हिस्कोस मात्र सहज जळतात, त्यातही लांब, विरळ लव असली तर धोका अधिक. ‘बांबू सिल्क’ या देखण्या नावाने विकले जाणारे गालिचे बहुधा व्हिस्कोसचेच असतात.

आकारानुसार नियम बदलतो. एक बाजू सहा फुटांपेक्षा (१.८३ मीटर) लांब आणि क्षेत्रफळ २४ चौरस फुटांपेक्षा मोठे असलेला गालिचा नापास झाला, तर तो विकताच येत नाही. दोन्ही मापांनी या मर्यादेत बसणारा लहान नापास गालिचा मात्र ‘ज्वलनशील, आगीजवळ वापरू नये’ अशा अर्थाची ठळक पट्टी लावून विकता येतो. ही सवलत उदार म्हणावी लागेल. शेकोटीपुढे अंथरले जातात ते बहुधा लहानच गालिचे.

एकमेव नग, उदाहरणार्थ पुरातन गालिचा किंवा कातडे, यांना अटींवर चाचणीतून सूट मिळू शकते. ‘हाताने विणलेला म्हणजे माफ’ असा तिचा अर्थ काढणे चूक आहे. उत्तर प्रदेशातल्या भदोही-मिर्झापूरच्या मागांवर एकच नक्षी पुन्हा पुन्हा उतरते आणि त्या भागातला बराच माल अमेरिकेला जातो; तिथे प्रत्येक नग एकमेव कसा ठरेल?

प्रमाणपत्र सरकार देत नाही, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. २००८ च्या ग्राहक उत्पादन सुरक्षा सुधारणा कायद्यानुसार ते देशी उत्पादकाने किंवा आयातदाराने स्वतः द्यायचे असते. त्यात लागू मानक, उत्पादनाचे व चाचणीचे ठिकाण आणि तारीख, तसेच नोंदी सांभाळणाऱ्याचा पत्ता येतो. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी बनवलेल्या गालिच्याला मात्र आयोगमान्य त्रयस्थ प्रयोगशाळेचा अहवाल सक्तीचा आहे आणि शिशाच्या प्रमाणाची मर्यादाही लागू होते. ‘ग्रीन लेबल प्लस’ हे घरातल्या हवेत सुटणाऱ्या वायूंविषयीचे चिन्ह ऐच्छिक आहे. आगीशी त्याचा संबंध नाही.

ऑनलाइन बाजारात खरा पेच जबाबदारीचा. विक्रेता परदेशात, माल तिसऱ्याच्या गोदामात, आणि ग्राहकापुढे फक्त छायाचित्र. विक्रीमंच विक्रेत्याकडे चाचणी-अहवाल मागू शकतात. जुलै २०२४ मध्ये आयोगाने ठरवले की, इतरांचा माल आपल्या गोदामातून पोचवणारी अ‍ॅमेझॉन त्या मालाची ‘वितरक’ ठरते. प्रकरण मुलांचे रात्रीचे कपडे, केस वाळवण्याची यंत्रे आणि कार्बन मोनॉक्साइड सूचक यांचे होते. पण त्यातले कपडे याच १९५३ च्या कायद्याखाली येतात. अ‍ॅमेझॉनने २०२५ मध्ये त्याविरुद्ध न्यायालयात दाद मागितली.

गोळीची चाचणी लहान ठिणगीपुरतीच आहे. खोली पेटल्यावर गालिचा काय करील, हे ती सांगत नाही. त्यासाठी तप्त फलकाखालची वेगळी चाचणी असते. रुग्णालये व वृद्धाश्रमांच्या मार्गिकांसाठी इमारत-नियम ती मागतात. घरगुती गालिच्याला ती सहसा लागत नाही.