प्रमाणवेळ आणि स्थानिक वेळ : एका आक्षेपाचा प्रवास

१ जानेवारी १९०६ रोजी हिंदुस्थान सरकारने ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे असलेली प्रमाणवेळ स्वीकारली. तोवर रेल्वे मद्रास वेळेने धावत असे. मुंबई आणि कलकत्ता ही शहरे मात्र आपापल्या वेळा पाळत. ८२ अंश ३० कला या पूर्व रेखांशाने हे वैविध्य कागदोपत्री संपुष्टात आणले. व्यवहारात ते संपण्यास अर्धे शतक लागले, आणि या विलंबातच या विषयाचे सांस्कृतिक मर्म दडलेले आहे.

मुंबईत १८८१ साली गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी मद्रास वेळ लागू केली होती. लोकमताच्या विरोधामुळे ती १८८३ मध्ये मागे घ्यावी लागली. १९०६ ची प्रमाणवेळ मुंबईच्या वेळेहून ३९ मिनिटे पुढे होती. गिरणी कामगारांच्या दृष्टीने याचा अर्थ अधिक अंधारात घर सोडणे असा होता. वंगभंगाच्या चळवळीने वातावरण तापलेले असताना महापालिकेने मुंबईची वेळच कायम ठेवली, आणि ती १९५५ पर्यंत टिकली. कलकत्त्याने आपली वेळ १९४८ मध्ये सोडली.

या विरोधाला केवळ परंपराप्रियता म्हणणे अपुरे ठरेल. साठ घटकांचा अहोरात्र मोजणारे पंचांग स्थानिक सूर्योदयापासून सुरू होते. तेथे काळ हा स्थळाचा धर्म असतो. घटिकापात्र केव्हाच अडगळीत गेले, पण 'घटका भरणे' हा वाक्प्रचार मराठीत अद्याप जिवंत आहे. संस्था बदलल्या तरी भाषेने जुना काळ जपून ठेवला.

स्वातंत्र्यानंतर हीच प्रमाणवेळ राष्ट्रीय ऐक्याचे प्रतीक बनली, आणि आक्षेपाचे केंद्र ईशान्येकडे सरकले. देशाच्या पूर्व-पश्चिम टोकांच्या सूर्योदयात जवळजवळ दोन तासांचे अंतर पडते. राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या संशोधकांनी २०१८ मध्ये ईशान्येसाठी एक तास पुढची वेळ सुचविली. त्याआधी, २०१७ मध्ये, स्वतंत्र वेळेची मागणी करणारी याचिका गुवाहाटी उच्च न्यायालयाने फेटाळली होती. एकदा पश्चिम किनाऱ्याने परकीय सत्तेपुढे मांडलेला सूर्याचा दाखला आता पूर्व सीमेवरून स्वकीय सत्तेपुढे मांडला जात आहे.

तथापि स्थानिक वेळही निरपवाद न्याय्य नसते. आसामातील चहामळ्यांची 'बागान वेळ' प्रमाणवेळेच्या एक तास पुढे असते. ती वसाहतकालीन मळेवाल्यांनी मजुरांकडून दिवसाउजेडी अधिक काम व्हावे म्हणून रुजविली. म्हणजे तेथे स्थानिक सूर्य मालकाच्या बाजूने उभा राहिला, तर मुंबईत कामगाराच्या. म्हणूनच देशात वेळा एक असाव्यात की दोन, एवढ्यावर या प्रश्नाची सांगता होत नाही. घड्याळ आणि सूर्य यांतील अंतर कोणाच्या झोपेतून आणि कोणाच्या श्रमातून भरून काढले जाते, हा त्यामागील अधिक जुना प्रश्न आहे.