मालदीव : आरोग्य प्रशासनाची पुनर्रचना
हिंदी महासागरातील सुमारे १,२०० बेटांच्या या देशात लोकवस्तीची बेटे जेमतेम १९० आहेत. बेटावरील आरोग्य केंद्र, प्रवाळबेटसमूहाचे रुग्णालय, विभागीय रुग्णालय आणि शेवटी राजधानी मालेतील, भारताच्या साहाय्याने उभारलेले इंदिरा गांधी स्मृती रुग्णालय अशी उतरंड आहे. अडलेल्या बाळंतिणीला स्पीडबोटीने हलवावे लागते. समुद्र खवळला की तेही अवघड.

राष्ट्राध्यक्ष मोहम्मद नशीद यांच्या राजवटीत (२००८–१२) रुग्णालये प्रांतवार सरकारी महामंडळांकडे सोपवली गेली. सत्तांतरानंतर ती पुन्हा मंत्रालयाकडे आली. विखुरलेल्या बेटांवर डॉक्टर आणि औषधे पुरवण्याचा मूळ प्रश्न अशा फेरबदलांनी सुटत नाही. १ जानेवारी २०१२ रोजी सुरू झालेली ‘आसंधा’ ही सर्व नागरिकांसाठीची विमा योजना मात्र टिकली. २०१४ मध्ये तिची वार्षिक खर्चमर्यादाही उठवण्यात आली.