कॅमेऱ्याचा जन्मशक

मोडी दप्तर चाळणाऱ्यास पत्रांवर 'सुहूर सन इहिदे सितैन मया व अलफ' असे शब्द भेटतात. अजाणास हा मंत्र वाटावा. जाणत्यास तो आकडा दिसतो. एक, साठ, शंभर आणि हजार, म्हणजे ११६१. त्यात महिन्यानुसार ५९९ किंवा ६०० मिळवले की पानिपतचे साल, १७६०-६१, हाती येते. जुन्या कॅमेऱ्याचा काळ ठरवू पाहणाऱ्यासही असेच एक दप्तर वाचावे लागते. ते धातूवर कोरलेले असते, इतकाच फरक.

अमेरिकेतील कोडॅक कंपनीने तर सुहूर सनाचा जणू इंग्रजी अवतारच काढला. तिच्या एक्टार भिंगांवर क्रमांकाआधी दोन रोमन अक्षरे आढळतात. 'कॅमेरॉसिटी' या घडवलेल्या शब्दातील दहा रोमन अक्षरे म्हणजे क्रमाने १ ते ९ आणि शेवटी ०. त्यात ई चौथे आणि ओ सहावे. म्हणून 'ईओ' म्हणजे १९४६. घाई करणाऱ्याचा पाय येथेच घसरतो. हे साल भिंगाचे आहे. भिंग कोठारात पडून राहते, बिघडल्यास बदललेही जाते. तेव्हा कॅमेऱ्याचे साल त्यावरून थेट ठरत नाही.

लायकाची कथा अधिक बोधप्रद आहे. ऑस्कर बार्नॅकने रचलेला हा कॅमेरा वेट्झलरच्या लाइट्झ कंपनीने १९२५ साली लाइपझिगच्या जत्रेत मांडला. क्रमांकावरून त्याचे साल सांगणाऱ्या याद्या प्रसिद्ध आहेत. क्रमांकाला असे मोल आले आणि मोलामागून बनावटही आली. युक्रेनमधील खारकोव्ह येथे १९३४ पासून लायकाच्या धर्तीवर 'फेड' कॅमेरा निघू लागला. पुढे अशा सोव्हिएत कॅमेऱ्यांवरील नावे खरवडून तेथे 'लायका' हे नाव, जर्मन गरुड आणि सोयीचा क्रमांक कोरण्यात आला. केवळ यादी पाहणारा फसतो. भिंग काढून आत पाहावे. अंतर जुळवणाऱ्या दांड्याचे भिंगाला टेकणारे टोक लायकात गोल चाकासारखे असते. फेडमध्ये ते बहुधा पाचरीसारखे असते.

बनावट सनदेवरही तिथी असते, शिक्काही असतो. पण कागद आणि अक्षराचे वळण तिला उघडी पाडतात. म्हणून कोरलेल्या सालाला आतल्या घडणीची साक्ष मिळेपर्यंत थांबावे. ती न मिळाल्यास 'कोरलेले साल हे, पण खात्री नाही' एवढेच म्हणावे. इतिहासात असे अर्धे उत्तरही खोट्या पूर्ण उत्तराहून मोलाचे असते.