पाचशे सोळा तासांचा हिशेब

१८७९ सालच्या मे महिन्यात, १० तारखेला, लंडनच्या हॅमरस्मिथ भागातल्या एका घरात विल्यम मॉरिसने एक टॅपेस्ट्री विणायला घेतली. माग मांडला होता चक्क त्याच्या झोपायच्या खोलीत. १७ सप्टेंबरला ती विणून झाली. मधल्या काळात रोज किती वेळ विणलं हे तो एका वहीत टिपून ठेवत होता, आणि त्याची बेरीज भरली ५१६ तास. म्हणजे सरासरी रोजचे चार तास, एकही सुट्टी न धरता! दुकान, पत्रव्यवहार, भाषणं, लेखन हा सगळा पसारा वेगळाच.

मला त्या वहीचं फार अप्रूप वाटतं. कलाकारांबद्दल आपण वाचतो ते बहुधा स्फूर्ती, प्रतिभा वगैरे. इथे मात्र दुधाच्या रतिबाचा हिशेब ठेवावा तशी तासांची नोंद. आमच्या घराण्यात सुई किंवा क्रोशाची आकडी हातात न धरलेली बाई शोधून सापडायची नाही, तेव्हा या नोंदीचं मोल तुम्हा मंडळींना वेगळं सांगायला नको. "कधी गं केलंस एवढं?" असं सगळे विचारतात, पण किती तास लागले हे कुणी विचारत नाही.

मॉरिसचा जन्म १८३४चा. आज बहुतेकांना तो माहीत असतो वेलबुट्टीच्या वॉलपेपरमुळे. त्याच्या काळात मात्र तो आधी कवी म्हणून प्रसिद्ध होता. पण त्याचा दिवस कसा जायचा ते पाहिलं, तर तो एकामागून एक हस्तकला शिकत गेलेला आजन्म विद्यार्थी वाटतो. पद्धत ठरलेली. एक कला धरायची, तिचा जुना उत्तम नमुना शोधायचा, तो उसवून किंवा निरखून बघायचा आणि मग स्वतःच्या हातांनी करून पाहायचं.

सुरुवात भरतकामापासून झाली. १८५७ च्या सुमारास त्याने चौकट बनवून घेतली, लोकर रंगवून घेतली आणि जुन्या कामाचे टाके उसवून टाके शिकला. त्या पहिल्या पडद्यावर झाडं आहेत, पक्षी आहेत, आणि पुन्हा पुन्हा भरलेले तीन इंग्रजी शब्द आहेत. त्यांचा अर्थ 'जमलं तर'. टाके ओबडधोबडच आहेत. १८५९ मध्ये जेन बर्डनशी लग्न झाल्यावर त्याने तिला हे शिकवलं. जेन ऑक्सफर्डमधल्या एका तबेल्यात काम करणाऱ्याची मुलगी. दोघं मिळून जुने नमुने उसवत शिकली आणि थोड्याच दिवसांत ती नवऱ्याच्या पुढे गेली.

१८६१ मध्ये मित्रांबरोबर घरसजावटीच्या वस्तूंची कंपनी निघाली. पुढच्याच वर्षी पहिल्या वॉलपेपरचं रेखाटन झालं. जाळीवर चढलेले गुलाब त्याचे, त्यातले पक्षी मात्र त्याचा वास्तुविशारद मित्र फिलिप वेबने काढलेले. १८७० च्या आसपास सुलेखनाचा नाद लागला. मग आलं रंगकाम.

या रंगकामाचं कारण समजून घेण्यासारखं आहे. १८५६ साली विल्यम पर्किन या तरुण रसायनशास्त्रज्ञाला दगडी कोळशाच्या डांबरापासून जांभळा रंग मिळाला आणि बघता बघता बाजार रासायनिक रंगांनी भरून गेला. मॉरिसला ते भडक वाटत, आणि त्यातले बरेचसे उन्हात विटून कसेतरीच दिसत. त्याला जुने वनस्पतींचे रंग हवे होते, पण ते कसे करायचे हे जाणणारे लोक कमी होत चालले होते. म्हणून १८७५-७६ मध्ये तो स्टॅफर्डशायरमधल्या लीक गावी थॉमस वॉर्डलच्या रंगशाळेत जाऊन राहिला. लाकडी खडावांसारखे जोडे आणि सैल अंगरखा घालून निळीच्या पिंपाशी उभा राहायचा. हात निळेच्या निळे! वाचायची तीही जुनी वनस्पतींची पुस्तकं.

लीकहून तो ज्या मैत्रिणीला पत्रं लिहायचा ती जॉर्जियाना बर्न-जोन्स. इथे आपल्या मुंबईचा धागा येतो. तिची बहीण ॲलिस ही लॉकवुड किपलिंगची बायको, आणि हे किपलिंग १८६५ ते १८७५ मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवत होते. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची शिल्पं त्यांचीच. त्यांचा मुलगा रुडयार्ड मुंबईत जन्मला, आणि पुढे इंग्लंडमध्ये मावशीकडे सुट्टीला गेला की मॉरिसला 'अंकल टॉप्सी' म्हणायचा. पण धागा नुसता नात्यागोत्याचा नाही. त्या काळी युरोपात जाणारी बरीचशी नीळ बंगाल-बिहारमधली, आणि ती पिकवायची सक्ती सोसेना म्हणून बंगालच्या शेतकऱ्यांनी १८५९-६० मध्ये बंड केलं होतं. १८७९ च्या एका भाषणात मॉरिसने बोलून दाखवलं, की इंग्रजांचं राज्य आणि व्यापार हिंदुस्थानातल्या कारागिरीचा नाश करत आहेत. लंडनमध्ये हिंदुस्थानी कापडाचं कौतुक करणारे पुष्कळ होते, पण ते विणणाऱ्याचं काय झालं असं विचारणारे थोडे.

त्याच वर्षी तो टॅपेस्ट्रीकडे वळला. टॅपेस्ट्री म्हणजे आपल्या पैठणीच्या पदराचीच तऱ्हा. आडवा धागा या काठापासून त्या काठापर्यंत जात नाही. जिथे जो रंग, तिथेच तेवढा धागा फिरवायचा. त्यामुळे काम मुंगीच्या पावलांनी सरकतं. शिकवायला कुणी नव्हतं, म्हणून जुन्या फ्रेंच पुस्तकावरून तो शिकला. पहाटे उठून मागाच्या मागच्या बाजूला बसायचा आणि पुढची बाजू आरशात बघायचा. द्राक्षवेल आणि मोठमोठी पानं असलेल्या त्या पहिल्या तुकड्याला तो थट्टेने 'कोबी आणि द्राक्षवेल' म्हणायचा. त्याच तुकड्याचे हे ५१६ तास.

आता हिशेबाची दुसरी बाजू. पाचशे तास हाताशी असायला आधी पोट भरलेलं लागतं. मॉरिसचे वडील लंडनच्या हुंडी-बाजारातले. डेव्हनमधल्या तांब्याच्या खाणीत त्यांनी शेअर घेऊन ठेवले होते. त्यामुळे वयात येताच मुलाला वर्षाला सुमारे ९०० पौंडांचं उत्पन्न मिळू लागलं. टाके उसवत बसायची चैन या पैशावर झाली. जमिनीखाली राबणाऱ्यांचे तास कुठल्या वहीत लिहिले गेले?

१८८१ मध्ये त्याने वँडल नदीकाठी मर्टन ॲबीला कारखाना थाटला. तिथे 'स्ट्रॉबेरी चोर' हे प्रसिद्ध कापड १८८३ मध्ये तयार झालं. बागेतल्या स्ट्रॉबेरी पळवणारे पक्षी आहेत त्यावर. आधी सगळं कापड निळीत बुडवायचं, मग ठशांनी रंग उडवणारं द्रावण लावून नको तिथली नीळ काढायची, मग लाल, मग पिवळा. एकेका कापडाला कित्येक दिवस. कारखाना हवेशीर होता, झाडांत होता, मजुरीही बरी होती. पण काम मुख्यतः नगावर, नफ्यात वाटा मोजक्या वरच्या माणसांना, आणि टॅपेस्ट्रीच्या मागावर बसायची ती कोवळ्या वयाची मुलं, बोटं लवचीक म्हणून. एवढे तास घातलेली वस्तू घेणार कोण? अर्थातच श्रीमंत. सर्वांसाठी कला म्हणणाऱ्या माणसाचं गिऱ्हाईक श्रीमंतच!

हे त्याला कळत नव्हतं असं नाही, उलट फार टोचत होतं. १८८३ मध्ये तो डेमोक्रॅटिक फेडरेशनमध्ये गेला आणि पुढे रस्त्याच्या कोपऱ्यावर उभं राहून समाजवादावर भाषणं देऊ लागला. लोकांना हे विचित्र वाटलं. वॉलपेपरवाल्या कवीला ही काय अवदसा आठवली? मला ते सरळ वाटतं. स्वतः ५१६ तास बसल्यावर त्याला हे पक्कं ठाऊक झालं, की हातांनी केलेली वस्तू स्वस्त मिळत असेल तर कुणाचे तरी तास बुडवलेले आहेत. यंत्राशी त्याचं वैर नव्हतं. रटाळ काम यंत्राने खुशाल करावं, पण ज्यात आनंद आहे ते काम माणसाकडून हिरावून घेऊ नये, एवढंच त्याचं म्हणणं.

तोवर घरातली सुई दुसऱ्या हातात गेली होती. १८८५ मध्ये धाकटी मुलगी मे, अवघी तेवीस वर्षांची, कंपनीच्या भरतकाम विभागाची प्रमुख झाली. तिने केलेली चित्रं वर्षानुवर्षं वडिलांच्या नावावर खपली. कारागिरांच्या संघात बायकांना प्रवेश नाही म्हणून १९०७ मध्ये तिने स्त्रियांचा वेगळा संघ काढायला पुढाकार घेतला. वडील मात्र नवीन शिकतच होते. १८९१ मध्ये, सत्तावन्नाव्या वर्षी, त्याने छापखाना काढला, अक्षरांचे साचेही स्वतः आखले. चॉसरचं भव्य पुस्तक १८९६ मध्ये पुरं झालं आणि त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला तो गेला.

केल्मस्कॉटच्या त्यांच्या जुन्या घरात मॉरिसचा पलंग आहे. पलंगाच्या झालरीवर त्याचीच कविता, भरतकामाची आखणी मेची, आणि टाके घालणाऱ्यांत तिच्याबरोबरच्या बायकाही. वरची चादर जेनने भरलेली. तिच्यावर नवऱ्याच्या त्या पहिल्या ओबडधोबड पडद्यावरचे 'जमलं तर' हे शब्द फ्रेंचमध्ये आहेत, आणि शेजारी तिने स्वतःचं नाव भरलं आहे. तास किती लागले ते तिने लिहिलेलं नाही.